दुसरी वायर जरा उजवीकडे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला ठेवलं असशील आणि मग राहवलं नाही म्हणून उघडलं असशील. लहानपणी खाऊचंही तू असंच करायचीस. वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. खोटं लिहायला मला ऑफिसातले कागद पुरतात. आणि पत्रच का, तर घरच्या फोनवर मी 'हॅलो' म्हटलं की तू 'आईला दे' म्हणतेस, त्यापुढे आपलं संभाषण कित्येक वर्षांत गेलेलं नाही.

कामाचंच लिहिते. आमच्या इस्पितळाची नवी इमारत उभी राहिली आहे, लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाची. जुनी इमारत रस्त्याच्या अलीकडे, नवी पलीकडे. दोन्हीकडची यंत्रं आणि संगणक एकमेकांना कसे जोडायचे, याचा आराखडा बाहेरच्या कंपनीकडून मागवला होता, तो काल आला. आमच्या संगणक विभागाच्या साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, बाई, वायरी टाकायच्या आधी हे जरा सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघा. मी फाइल उघडली. खाली कोपऱ्यात आराखडा करणाऱ्याचं नाव होतं, आणि ते तुझं होतं.

लग्नानंतरचं आडनाव लावलेलं, त्यामुळे साहेबांना कळायचं काही कारण नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी हे काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं, कारण बहिणीने बहिणीचं काम तपासणं इथल्या नियमात बसत नाही. हे झालं दाखवायचं कारण. खरं कारण असं, की निदान या इमारतीत तरी मला 'तिची बहीण' म्हणून ओळखलं जायला नको होतं. घरी तेवढं पुरतं.

तुला माहीत नसेल, याच कामासाठी मी गेल्या वर्षी स्वतः एक आराखडा केला होता. सुट्टीच्या दिवशी येऊन केला. साहेब 'छान आहे' म्हणाले, कपाटात ठेवला आणि बाहेरच्या कंपनीला फोन लावला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. पण विकत घ्यायचंच होतं तर जगात दुसरं कुणी नव्हतं का?

संध्याकाळी घरी गेले तर आईला सगळं आधीच ठाऊक. तू दुपारीच फोन केला होतास. धाकटीने अख्खं इस्पितळ जोडलं, असं शेजारी सांगूनही झालं होतं. मी त्याच इस्पितळात इतकी वर्षं नोकरी करते, हे त्या शेजाऱ्यांना बहुतेक माहीत नसावं. आईचा चष्मा कुठे आहे ते मला माहीत असतं, तिची गोळी कुठली कधी ते मला माहीत असतं, आणि तिच्या तोंडात नाव मात्र तुझं. दुरून डोंगर साजरे. मी डोंगर नाही, घरातलं कपाट आहे. कपाटाकडे कुणी बघत नाही, फक्त उघडतात.

उद्यापासून तुझा आराखडा तपासायला घेते. इतका बारकाईने तुझा पेपर शाळेतही कुणी तपासला नसेल.

ताई


शनिवार, १५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर आलं, आईमार्फत. 'ताईचं पत्र मिळालं, अक्षर अजून तसंच आहे,' एवढं तू फोनवर म्हणालीस म्हणे. आई मला विचारत होती की काय लिहिलं होतंस. मी म्हटलं, ऑफिसचं. आपल्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलतच नाही. तुझं आईकडे, आईचं माझ्याकडे, माझं पुन्हा आईकडे आणि तिथून तुझ्याकडे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांचे फोन जोडले तिने, आता निवृत्त होऊन आपले जोडते.

तुझी फाइल वाचली. रिंग म्हणजे काय हे तू दोन पानं समजावून सांगितलं आहेस. वाचणाऱ्याला काहीच येत नाही असं धरून लिहिलंयस, शाबास. स्टारमध्ये सगळे संगणक मधल्या एका स्विचला, म्हणजे निरोप वाटणाऱ्या पेटीला, जोडलेले असतात, तो बंद पडला की सगळं बंद. रिंगमध्ये सगळे हातात हात धरून गोल उभे असतात, एक हात सुटला तरी निरोप उलट्या बाजूने फिरून पोचतो. हे मला तू सांगावंस! तुझ्या बोटाला धरून पहिल्यांदा ती गोल जोडणी पडद्यावर कुणी काढून दाखवली होती ते आठवतंय का?

तर मी कामाला लागले. आपलं ते कॉलेजातलं जुनं सॉफ्टवेअर आता बरंच सुधारलं आहे. संगणक, स्विच, नर्सचं टेबल, मुलांच्या उशाशी असणारी यंत्रं, सगळ्यांची चित्रं मांडायची, रेघा ओढून जोडायची आणि चालू करायचं. निरोपाची छोटी छोटी पाकिटं रेघांवरून पळत जाताना दिसतात. सगळं चालू झालं की मी तोडायला बसले. एकेक वायर काढली. दर वेळी पाकिटं जरा घुटमळायची आणि उलट्या बाजूने निघायची. मुलाच्या यंत्राचा गजर नर्सच्या टेबलावर दर वेळी पोचला. एक स्विच बंद केला, पोचला. दुसरा केला, तरी पोचला. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, बाई, या आराखड्याने तुमचं काय घोडं मारलंय?

आता जे लिहिणार आहे ते वाचून हस पाहिजे तर. मी माझा गेल्या वर्षीचा आराखडा, स्टारचा, तोसुद्धा चालवला, शेजारी शेजारी. आधी दोन्हीवर सारखा भार टाकला. मग माझ्यावर जरा कमी टाकला. तुझ्या रिंगवर सगळी यंत्रं एकदम बोलायला लावली आणि माझ्या स्टारवर निम्मी. माझी पाकिटं झरझर धावायला लागली, बघून फार बरं वाटलं. मग मधला स्विच बंद केला आणि माझी पूर्ण इमारत लाल झाली. भार निम्मा केला म्हणून काय होणार, मेलेल्याला हलकं पांघरूण. ते आलेख मी साहेबांना दाखवले नाहीत. दाखवायचा विचार मात्र एक दिवस केला.

शेवटी 'तपासले, दोष आढळला नाही' असं लिहून सही केली. तुझ्या नावाच्या बरोबर वर. तुझ्या कामाला मी चांगलं म्हटलंय, आणि ते आईला सांगता येत नाही, हा माझा आठवडा.

तुझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तुझा प्रकल्प होता ना, पाच प्रकारच्या जोडण्या पडद्यावर चालवून त्यांची तुलना करायची. मी तेव्हा त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. तू महिनाभर माझ्या शेजारी बसायचीस आणि जे काही शिकलीस ते माझ्या हाताकडे बघून शिकलीस. तुला पदक मिळालं. तू व्यासपीठावर उभी राहून प्राध्यापकांचे आभार मानलेस, मैत्रिणींचे मानलेस, आईचे मानलेस, चहावाल्याचेही मानलेस आणि सगळे हसले. मी शेवटच्या रांगेत बसले होते. माझं नाव आता येईल, मग येईल असं वाटत राहिलं, आणि मग तू खाली उतरलीस. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलत नाही हे तुला कळलं असेलच, का नाही ते कधी विचारलं नाहीस.

असो. तुझी रिंग चांगली आहे. माझ्या पोटात दुखतंय म्हणून ती वाईट होत नाही.

ताई


गुरुवार, २० फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र मी टाकणार नाही. पण आज कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही, आणि जिला सांगावं असं वाटतं ती तूच आहेस, म्हणजे बघ.

आज सहज नवी इमारत बघायला गेले होते. तळमजल्यावर वायरी येतात त्या खोलीत मुकादम उभा होता. भिंतीतून एकच पाइप बाहेर आलेला, आणि त्यातून दोन काळ्या वायरी, एकमेकींना चिकटपट्टीने बांधलेल्या. मी म्हटलं, दुसरी इथे कशी? ती तर बागेच्या बाजूने यायला हवी. तो म्हणाला, बागेच्या बाजूला पाइप कुठाय मॅडम, रस्त्याखालून जायला हा एकच पाइप आहे. कागदावर दुसरी वेगळी दाखवलीय खरी, मी आराखडा करणाऱ्या कंपनीत फोन करून विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, जो पाइप आहे त्यातून टाका.

मी तिथेच एका सिमेंटच्या पोत्यावर बसले.

तुला वेगळं सांगायला नको, पण लिहिताना मजा येते म्हणून लिहिते. तुझी गोल जोडणी जुन्या इमारतीतून निघते, रस्ता ओलांडते, नव्या इमारतीत फिरते आणि पुन्हा रस्ता ओलांडून परत येते. म्हणजे रस्ता दोनदा ओलांडते. एक वायर तुटली तर दुसरी आहे. पण दोन्ही एकाच पाइपात असतील तर एकीला जे होईल ते दुसरीलाही होणार. आणि पुढच्या महिन्यात त्याच रस्त्यात गटाराचं काम निघणार आहे, जेसीबी येणार. त्याच्या एका फटक्यात दोन्ही जातील आणि पलीकडच्या मुलांच्या उशाशी यंत्रं ओरडत राहतील, अलीकडे कुणाला ऐकू येणार नाही. मी आठवडाभर एकेक वायर तोडत बसले. दोन एकदम तोडल्या नाहीत. दोन एकदम तोडणं म्हणजे रडीचा डाव, तसं कुणी धरत नाही. पडद्यावर त्या लांब लांब होत्या ना.

म्हणजे दोष आहे. तुझ्या आराखड्यात दोष आहे! लांब बसून आराखडे काढायचे, जागेवर येऊन बघायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी घरी येताना वाटेत हसत होते, लोकांनी बघितलं असेल.

बुधवारी सभा आहे. तू स्वतः येणार आहेस असं साहेब म्हणाले, आणि इस्पितळाचे मोठे डॉक्टरही येणार आहेत. मी ठरवलंय. तुझं सगळं बोलून होऊ द्यायचं. मग मी उठायचं आणि म्हणायचं, एक शंका आहे. मोठ्या पडद्यावर तुझ्या दोन्ही वायरी एकदम तोडायच्या. नवी इमारत लाल होईल. मग तू काय बोलशील ते मला शेवटच्या रांगेतून नव्हे, समोरून बघायचं आहे.

माझी सही त्यावर आहे हे मला कळतं. जाऊ दे ती सही. सोबत तूही बुडशील.

ताई


रविवार, २३ फेब्रुवारी

धाकटे,

हेही टाकणार नाही.

शुक्रवारी मी तुझी मूळ फाइल पुन्हा उघडली, सभेत दाखवायला चित्र हवं म्हणून. ती दुसरी वायर मोठी करून बघितली. पहिली सरळ जाते. दुसरी तिच्याबरोबरच निघते, मध्येच उजवीकडे कोपर काढून वळते, आणि पुन्हा तिच्याचपाशी येऊन पोचते. ती बागेतून वगैरे जातच नाही. बाग तिच्याखाली योगायोगाने आली आहे.

मी पडद्याकडे बघत राहिले. कारण तो कोपर माझा आहे.

विसरली असशील, मी नाही विसरले. त्या प्रयोगशाळेत तू दोन वायरी एकाच जागेतून ओढायचीस आणि मग ओरडायचीस, ताई, एकच दिसतेय, दुसरी गेली कुठे. मी तुझ्या हातावर हात ठेवून माऊस हलवायचे. दुसरी वायर जरा उजवीकडे ओढावी, डावीकडे नको, डावीकडे यंत्रांची नावं असतात ती झाकली जातात. दिसायला स्वच्छ दिसतं. त्या कोपराचा अर्थ काहीच नाही, तो डोळ्यांच्या सोयीसाठी आहे. तुला ते माहीत होतं, मला माहीत होतं. तुझ्या कंपनीतल्या बाकीच्यांना आणि आमच्या साहेबांना वाटलं वायरच तिथून जाते, वाट वेगळी आहे. तूही आपलाच कोपर काढून नंतर विसरून गेलीस आणि खाली लिहिलंस, दोन स्वतंत्र मार्ग. मीसुद्धा तो बघितला आणि विश्वास ठेवला, आपल्याच अक्षरावर ठेवावा तसा.

इतकी वर्षं मला एकच हवं होतं. तुझ्या कामात कुठेतरी माझी खूण असावी आणि ती कुणाला तरी दिसावी. तुझ्या सबंध आराखड्यात माझी खूण आहे, आणि ती म्हणजे चूक. बाकी सगळं तुझं, चांगलं ते सगळं तुझं.

दोन दिवस चिडचिड करून काढले. काल आई फोनवर तुझ्याशी बोलत होती. मी स्वयंपाकघरात होते, तिला वाटलं मी बाहेर गेलेय. ती तुला म्हणत होती, तुझ्या ताईकडे बघ जरा, एकटीने घर सांभाळते, मला सांभाळते, नोकरी करते, कधी तक्रार नाही. तुला एक दिवस तरी जमेल का? तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही. आई मात्र 'हॅलो, हॅलो' करत होती.

म्हणजे ती हे तिकडे करते! माझ्यापुढे तुझं आणि तुझ्यापुढे माझं. समोर असेल तिचं कधीच नाही. म्हणजे तुलाही माझं नाव ऐकून ऐकून वीट आला असणार, तूही कुठेतरी बसून जळत असणार. हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी दुधाखालचा गॅस बंद करायला विसरले. सगळं दूध उतू गेलं, आणि आई म्हणाली, धाकटी असती तर असं झालं नसतं.

बुधवारचं अजून ठरलेलं नाही. म्हणजे सांगणार तर आहेच, मुलांच्या जिवाशी खेळ नको. प्रश्न एवढाच की कुणाच्या तोंडून.

ताई


बुधवार, २६ फेब्रुवारी, सकाळी, सभागृहात

धाकटे,

तुझी खुर्ची पुढच्या रांगेत आहे, पाण्याच्या बाटलीवर तुझ्या कंपनीचं नाव लावलंय. हे पत्र मी त्या बाटलीखाली ठेवते. आल्या आल्या वाच, हसून नमस्कार वगैरे नंतर कर.

रस्ता ओलांडणाऱ्या तुझ्या दोन्ही वायरी एकाच पाइपात आहेत. मी डोळ्यांनी बघितलंय. फाइलमधला कोपर बघ, तो कुठला आहे ते तुला कळेल. पहिल्या मजल्यावर दोन इमारतींना जोडणारा झाकलेला पूल आहे, ज्यावरून स्ट्रेचर नेतात. त्याच्या छताला वायरींसाठी पत्र्याची पन्हळ आधीच लावलेली आहे, रिकामी आहे. दुसरी वायर तिथून घेतलीस की तुझी रिंग खरी होईल. मी काल सॉफ्टवेअरमध्ये पाइपातल्या दोन्ही वायरींऐवजी एक पाइपात आणि एक पुलावर अशी मांडून आळीपाळीने तोडली. दोन्ही वेळा गजर पोचला. नवी फाइल सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे.

साहेबांना मी अजून काही बोललेले नाही. तू आधी बोल. चूक तूच शोधलीस म्हण, पूल तूच सुचवलास म्हण, मला काही नको. फक्त एक कर. तो कोपर सगळ्यांना दाखव आणि म्हण, ही सवय मला माझ्या ताईने लावली, ती तिथे शेवटच्या रांगेत बसली आहे. मोठ्याने म्हण, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

चुकीसाठी नाव घे म्हणतेय, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मला चालेल.

तू नाही घेतलंस तर मी उठेन. मग शंका मी विचारेन आणि वायरी मी तोडेन.

ताई


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

धाकटे,

हे मात्र टाकणार आहे. आधीची न टाकलेली दोन सोबत जोडतेय, वाच आणि काय हसायचं ते हस.

परवा तू खुर्चीशी उभी राहूनच पत्र वाचलंस. मी बघत होते. वाचून झाल्यावर घडी घातलीस, पर्समध्ये टाकलीस आणि वळून शेवटच्या रांगेकडे बघितलंस. डोळ्यांना चष्मा लागलाय तुला, आईने सांगितलं नव्हतं. मग पुढे गेलीस आणि म्हणालीस, 'या आराखड्यात एक चूक आहे, आणि ती माझी आहे.'

तू मोठ्या पडद्यावर दोन्ही वायरी तोडल्यास, नवी इमारत लाल झाली. पाइप सांगितलास, गटार सांगितलंस, पूल सांगितलास. माझी फाइल चालवलीस, सगळं पुन्हा हिरवं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, पण तपासणीत हे सुटलं कसं? मी खुर्चीची कड धरली. तू म्हणालीस, तपासायला दिलेल्या चित्रातच दोन वाटा होत्या, जमिनीखालचं तपासणाऱ्याला दिसणार कसं, ते दाखवणं माझं काम होतं. मी वाट बघत होते. कोपर तू दाखवलास. सवय म्हणालीस. 'माझी जुनी सवय' म्हणालीस, आणि पुढच्या चित्राकडे गेलीस.

मग टाळ्या झाल्या. चूक स्वतःहून सांगणारी माणसं आजकाल मिळत नाहीत, असं मोठे डॉक्टर म्हणाले. आमचे साहेब मागे वळले आणि मला म्हणाले, बघा बाई, याला म्हणतात काम.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. उठून सांगणारच होते, पण सगळं तू आधीच सांगून टाकलं होतंस, माझ्याकडे तोडायला वायरही उरली नव्हती. म्हणून पुलावर गाठलं तुला. आपलं बोलणं मी घरी येऊन दहा वेळा स्वतःशी म्हटलंय, त्यामुळे इथे चुकणार नाही.

मी म्हटलं, 'एक वाक्य मागितलं होतं.'

तू म्हणालीस, 'ताई, कागदावर तुझी सही माझ्या नावाच्या वर आहे. तपासणारी माझी सख्खी बहीण निघाली असती तर तुला ठेवलं असतं का त्यांनी?'

मला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस तुझ्याच विचारात होते, स्वतःच्या नोकरीचा विचार करायला सवड कुणाला होती?

मागून कुणीतरी रिकामं स्ट्रेचर ढकलत आलं, आपण दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. ते गेल्यावर तू हळूच म्हणालीस, 'कॉलेजातही तेच होतं. तू तिथे नोकरीला होतीस. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला तुम्ही हात लावायचा नाही असा नियम होता तुमचा. मी व्यासपीठावरून तुझं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुला काढलं असतं.'

मी विचारलं, 'मग मला सांगितलं का नाहीस?'

'सांगितलं की,' तू म्हणालीस. 'तू बोलतच नव्हतीस, म्हणून आईला सांगितलं. म्हटलं, ताईला एवढं सांग.'

तू आईबरोबर चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. गाडी सुटल्यावर मी आईसमोर जाऊन बसले आणि विचारलं. तिने बराच वेळ आठवून बघितलं. मग म्हणाली, राहिलं असेल गं सांगायचं, आणि मला विचारलं की धाकटी बारीक झालीय का. जन्मभर लाखो माणसांचे निरोप इकडचे तिकडे पोचवले तिने, आणि आपल्या दोघींचा एकच तेवढा वाटेत पडला.

मी तुझ्यावर रागावलेली नाही असं समजू नकोस. इतकी वर्षं ज्या रागावर मी काढली, तो तू पुलावर उभ्या उभ्या काढून घेतलास. चुकीत वाटा मागितला तर तोही दिला नाहीस. आणि वर मोठेपणाही तुझाच. लहानपणापासून हेच करत आलीस, शेवटचा घास मला देऊन आईकडे बघायचीस. जळते मी अजून, हे स्वच्छ लिहिते. पण आता नक्की कशावर जळतेय ते नीट सांगता येत नाही, आणि ते जरा गैरसोयीचं आहे.

काल पुलावरून दुसरी वायर टाकली. ती पूर्ण पलीकडे जाईपर्यंत मी तिथे उभी होते, मुकादम दोनदा म्हणाला, मॅडम, बसा. मग टेबलाशी येऊन फाइलमध्ये ती काढायला घेतली. वरून बघितलं तर पूल बरोबर पाइपाच्याच डोक्यावर येतो, त्यामुळे पडद्यावर दोन्ही पुन्हा एकीवर एक आल्या. माझा हात आपोआप गेला आणि दुसरी मी जरा उजवीकडे ओढली. या वेळी शेजारी लिहिलं, 'कोपर फक्त दिसण्यासाठी. वायर पुलावरून जाते.' खाली आराखडा करणाऱ्याचं नाव तुझंच ठेवलंय.

माझा स्वतःचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. घरच्या फोनवर करू नकोस, तो आई उचलते. यावर कर. आणि मी 'हॅलो' म्हटल्यावर 'आईला दे' म्हणू नकोस.

ताई